सही करण्याआधी : बालवाडी-अंगणवाडीच्या कारभाराविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेली पत्रे सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या अंगणवाड्या आणि बालवाड्या सांभाळणाऱ्यांची आहेत. नियमपालन आणि कारभाराचे प्रशिक्षण त्यांपैकी बहुतेकांना मिळालेले आहे, तरी प्रत्यक्ष प्रसंग समोर आला की काय करावे हा प्रश्न उरतोच, असे प्रत्येकाने आपापल्या शब्दांत लिहिले आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे आणि गावे वगळली आहेत. उत्तरे देणाऱ्या आमच्या सदरलेखिका सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झाल्या असून आता मुख्यसेविकांच्या, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख ठेवणाऱ्या पर्यवेक्षिकांच्या, वर्गांत शिकवतात.

प्रश्न : सोळा वर्षे अंगणवाडी सेविका म्हणून काम केल्यावर गेल्या वर्षी मी मुख्यसेविका झाले. माझ्याकडे २२ अंगणवाड्या आहेत. दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले. त्यात ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम, ‘आधारशिला’ हा शालापूर्व अभ्यासक्रम, नोंदी ठेवण्याचे पोषण ट्रॅकर हे अॅप असे सगळे विषय आले. पण माझी जबाबदारी नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे कोणी सांगितले नाही. सह्या मात्र रोज कराव्या लागतात. — एक मुख्यसेविका, उत्तर गोवा

उत्तर : ज्या नोंदी आपण १६ वर्षे लिहिल्या त्याच आता आपल्याला तपासायच्या आहेत. हा बदल वरून सोपा दिसतो, पण लिहिणाऱ्याला आपण काय केले ते ठाऊक असते, आणि तपासणाऱ्याला मात्र दुसऱ्याने काय केले ते कागदावरून आणि जागेवरून ओळखावे लागते. दोन दिवसांच्या वर्गात हे येत नाही, याबद्दल आपण स्वतःला दोष देऊ नये.

जबाबदारीची हद्द समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अंगणवाड्या ज्या योजनेखाली चालतात ती एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या सहा सेवांपैकी पूरक पोषण आहार, शालापूर्व शिक्षण आणि पोषण व आरोग्यविषयक शिक्षण या तीन सेवा अंगणवाडीने स्वतः द्यायच्या असतात. लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा (आजारी मुलाला पुढच्या उपचारासाठी पाठवणे) या तीन आरोग्य यंत्रणेमार्फत मिळतात. म्हणजे वाड्यावर लसीकरणाला परिचारिका आली नाही, तर तो आपला दोष ठरत नाही. ती आली नाही हे त्याच दिवशी नोंदवून आरोग्य केंद्राला आणि आपल्या प्रकल्प अधिकाऱ्यांना कळवले नाही, तर मात्र तो आपला दोष ठरतो. पहिल्या तीन सेवांच्या बाबतीत अशी सूट नाही.

त्यातही आहाराची बाब वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आणि त्यानंतर १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने अंगणवाडीचा विस्तार सरकारच्या मर्जीवर ठेवला नाही, आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५ ने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला स्थानिक अंगणवाडीतून वयाला साजेसा मोफत आहार हा हक्क म्हणून दिला. हक्काचे अन्न मिळाले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. वर्षाला ३०० दिवस आहार, हा योजनेचा निकष आहे. तेव्हा पावसात गळणाऱ्या खोलीमुळे अंगणवाडी चार दिवस बंद राहिली, तर ‘गैरसोय झाली’ एवढे लिहून चालत नाही. त्या चार दिवसांचा आहार मुलांपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचला, किंवा पोहोचला नाही, हे लिहावे लागते. प्रशिक्षणात कायद्याचे नाव सांगतात, त्याचा हा रोजचा अर्थ सांगत नाहीत, अशी माझी तक्रार आहे.

आता सह्यांविषयी. माझ्या वर्गात मी पहिला तास फक्त तीन शब्दांवर घेते : पाहिले, तपासले, मान्य. ‘पाहिले’ म्हणजे हा कागद माझ्यासमोर आला होता. ‘तपासले’ म्हणजे या कागदातला आकडा मी दुसऱ्या, स्वतंत्र गोष्टीशी ताडून पाहिला. हजेरी मुलांच्या डोक्यांशी, साठा पिशव्यांच्या वजनाशी, देयक रोजच्या पावत्यांशी. ‘मान्य’ म्हणजे उद्या कोणी विचारले तर उत्तर मी देईन. नुसती सही करून वर काहीच लिहिले नाही, तर लेखापरीक्षक तिचा अर्थ सर्वांत जड असा, म्हणजे तिसरा, लावतो. तेव्हा सहीच्या डावीकडे शब्द लिहिण्याची, आणि खाली तारखेबरोबर वेळही लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

भेटीच्या वेळी काय पाहावे, याचे एकच उदाहरण देते, कारण ते कोणत्याही तपासणी तक्त्यात ठळकपणे येत नाही. एका वर्गासाठी मी नमुन्याची वाढ-नोंद मागवली होती. तिच्यात एका मुलाची उंची एप्रिलमध्ये ९४.० सेंटीमीटर, मेमध्ये ९४.०, जूनमध्ये ९४.० आणि जुलैमध्ये ९३.२ अशी होती. मूल आखडत नाही. पहिल्या तीन महिन्यांत मोजणी झालीच नव्हती, मागचा आकडा पुढे उतरवला होता. जुलैमध्ये कोणीतरी खरोखर मोजले, पण मुलाच्या टाचा भिंतीला टेकल्या नव्हत्या. दोन वर्षांखालील बाळाला फळ्यावर आडवे निजवून आणि त्यावरच्या मुलाला उभे करून मोजायचे असते, उभे करताना चपला काढायच्या, टाचा, पार्श्वभाग आणि डोक्याची मागची बाजू पट्टीला लागू द्यायची आणि नजर समोर ठेवायची, हे सेविकेला माहीत असते. घाईत राहून जाते. उंची चुकली की उंचीनुसार वजनाची श्रेणी चुकते, आणि तीव्र कुपोषित मूल कागदावर सर्वसाधारण दिसू लागते. दर भेटीत यादीतून तीन मुले आपण स्वतः निवडावीत, सेविकेला निवडू देऊ नये. त्यांची उंची आणि वजन पुन्हा घ्यावे, आणि आपले आकडे तिच्या आकड्यांशेजारी लिहावेत. १५ मिनिटांचे काम आहे. २२ अंगणवाड्यांचे २२ हजेरीपट नजरेखालून घालण्यापेक्षा यातून अधिक कळते.

प्रश्न : पूर्वसूचना न देता एका अंगणवाडीत गेले, तेव्हा हजेरीपटावर २८ मुले आणि खोलीत १७ होती. सेविका रडू लागली. पट कमी दिसला तर अंगणवाडी दुसरीत विलीन करतील, अशी तिला भीती आहे, आणि वरूनही ‘आकडे चांगले ठेवा’ असे सांगितले जाते. बाई प्रामाणिक आहे. मी काय करायला हवे होते? — मुख्यसेविका, दक्षिण गोवा

उत्तर : ‘करायला हवे होते’ असे आपण लिहिता, त्यावरून त्या दिवशी काही केले नाही असे दिसते. हे आधी मान्य करून पुढे जाऊ.

बाई प्रामाणिक आहे की नाही, याचे उत्तर तिच्या चेहऱ्यावर शोधू नये. ते फडताळात असते. समजा, मुलामागे रोज ३० ग्रॅम मूग लागतात. नोंदीप्रमाणे २८ मुले जेवली आणि प्रत्यक्षात १७ जेवली, तर रोज ११ मुलांचे म्हणजे ३३० ग्रॅम मूग खर्ची पडलेले दिसतील पण शिजलेले नसतील. महिन्याच्या २५ दिवसांत ते सव्वाआठ किलो होतात. आता फडताळातले मूग वजन करून पाहावेत. पुस्तकातल्या शिलकीपेक्षा प्रत्यक्षात आठ किलोंच्या आसपास जास्त निघाले, तर बाईने केवळ हजेरी फुगवली आहे आणि माल जागेवर आहे. पुस्तक आणि फडताळ तंतोतंत जुळले, तर मात्र ते सव्वाआठ किलो कुठे गेले, हा प्रश्न उभा राहतो. चोख जुळणारा हिशेब कधीकधी न जुळणाऱ्यापेक्षा अधिक काळजीचा असतो, हे मी पहिल्या नोकरीत एका जुन्या हिशेबनिसाकडून शिकले. शिजवलेला आहार बचत गट पुरवत असेल, तर फडताळाऐवजी ताटे मोजावीत : गटाने त्या दिवशी १७ मुलांचे अन्न आणले की २८ मुलांचे, आणि महिनाअखेर देयक कितीचे येते?

पट आणि हजेरी यांतला फरकही सेविकेला समजावून सांगायला हवा. नोंदवलेली मुले २८ असणे आणि आलेली मुले १७ असणे, यात काहीच गैर नाही. चवथीच्या आधीचा आठवडा असेल, बांधकामावरच्या मजुरांची कुटुंबे गावी गेली असतील, ताप पसरला असेल; उपस्थिती घटण्याची शंभर खरी कारणे असतात, आणि ती लिहिली तर सेविकेचे रक्षणच करतात. खोटी आहे ती एवढीच नोंद की २८ मुले आली. चेहरा ओळखून घरपोच आहार देण्याची पद्धत २०२५ च्या जुलैपासून सक्तीची झाल्यानंतर तीन वर्षांखालील मुलांच्या आहारात अशी नोंद करणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. तीन ते सहा वयोगटाची उपस्थिती मात्र अजून बरीचशी माणसाच्या सचोटीवरच आहे.

मागची पाने दुरुस्त करायला सांगू नये. फाडायला तर मुळीच नाही. ज्या दिवशी गेलात त्या दिवसाची तारीख, वेळ, खोलीतील मुलांची संख्या आणि त्यांची नावे भेट नोंदवहीत स्वतःच्या अक्षरात लिहावीत, साठ्याचे वजन लिहावे, सेविकेचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहून खाली तिची सही घ्यावी आणि त्याच दिवशी प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. ‘आकडे चांगले ठेवा’ हे कोणी तोंडी सांगितले असेल, तर ‘अमुक तारखेच्या बैठकीत दिलेल्या सूचनेचा अर्थ उपस्थितीची खरी नोंद ठेवावी असाच आहे असे मी समजते, तसे नसल्यास कळवावे’ असे एक सौम्य पत्र पाठवावे. अशा पत्राला सहसा उत्तर येत नाही, आणि तेच पुरेसे असते.

एक गोष्ट राहिली. मागच्या महिन्यातही त्या हजेरीपटावर आपली सही असेल. तिच्या डावीकडे कोणता शब्द होता?

प्रश्न : आमच्या भागात गरम आहार पुरवणाऱ्या स्वयंसहाय्य गटाची अध्यक्ष स्थानिक पंचाची, म्हणजे पंचायत सदस्याची, पत्नी आहे, आणि अंगणवाडीच्या देखरेख समितीचा अध्यक्षही तोच पंच आहे. दर महिन्याच्या दोन तारखेला देयक येते. ‘तुम्ही सही करा, बाकी मी बघतो’ असे ते म्हणतात. गटाचे स्वयंपाकघर मी कधी पाहिलेले नाही. नातेसंबंध असणे हा गुन्हा आहे का? — मुख्यसेविका, गोवा

उत्तर : नाही. गट स्थानिक असावा हेच धोरण आहे. अंगणवाडीचा आहार ठेकेदारांकडून घेऊ नये, गावातील समूह, स्वयंसहाय्य गट आणि महिला मंडळे यांच्याकडून तो व्हावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा ७ ऑक्टोबर २००४ चा आदेश आहे. दोनशे घरांच्या गावात काम करणारी बाई कोणाची ना कोणाची नातलग असणारच. गोव्यात तर कुळ, गोत्र आणि वाडा सांगितला की ओळख निघते.

दोष आहे तो एकाच घराने दोन्ही खुर्च्यांवर बसण्यात, आणि ते कागदावर न येण्यात. समितीच्या अध्यक्षाने आपले नाते लेखी जाहीर करावे. आहाराचा दर्जा, पुरवठा किंवा देयक यांचा विषय निघेल तेव्हा त्याने बैठकीतून उठून जावे, त्या विषयापुरते अध्यक्षपद दुसऱ्या सदस्याने, शक्यतो एखाद्या मुलाच्या आईने, घ्यावे आणि इतिवृत्तात हे सर्व लिहिले जावे. हे तीन लेखी पुरावे असले तर नात्यामुळे कोणी आपल्याला किंवा त्या बाईला दोषी ठरवणार नाही. ते नसतील, तर उसळ कितीही चांगली असली तरी शंका राहील. हा प्रस्ताव आपणच इतिवृत्तासाठी लिहून न्यावा. तोंडी बोललात तर ते मनावर घेतील, लिहून नेलेत तर नियम म्हणून मान्य करतील.

देयकाचे म्हणाल तर ते महिन्याच्या दोन तारखेला तपासता येतच नाही; ते रोज तपासले जायला हवे. अन्न पोहोचले की सेविकेने वेळ, पदार्थ आणि अंदाजे ताटे लिहून अन्न आणणाऱ्याची सही घ्यावी. ‘११.२०, मुगाची उसळ आणि भात, १८ ताटे’ एवढी एक ओळ. २५ ओळींची बेरीज आणि देयक जुळले तर ‘तपासले’ लिहावे. जुळले नाही तर जेवढे जुळते तेवढ्याचीच शिफारस करावी आणि उरलेल्याचे कारण विचारावे. ‘बाकी मी बघतो’ या वाक्यावर माझा अनुभव असा, की बघण्याची वेळ येते तेव्हा सही करणारीच तिथे असते.

स्वयंपाकघर मात्र आपण याच आठवड्यात पाहावे. तो हस्तक्षेप नव्हे. जुलै २०१३ मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत माध्यान्ह भोजन घेतल्यावर २३ मुले दगावली, ती तेलात कीटकनाशक मिसळल्यामुळे. तेव्हा तेलाचा डबा कशाचा आहे, फवारणीचे औषध किंवा फिनेल त्याच खोलीत आहे का, पाणी कुठून भरतात, पावसाळ्यात डाळीचे पोते जमिनीला टेकलेले आहे का, अन्न सुरक्षा नोंदणीचा दाखला भिंतीवर आहे का आणि मुलांना वाढण्याआधी कोण चव घेते, एवढे पाहावे. मुले तिझण (नाचणीची गोड पेज) खातात की टाकून देतात, हेही विचारावे. टाकलेल्या अन्नाचे पैसे भरणे हाही सार्वजनिक पैशाचा अपव्ययच.

प्रश्न : आमची संस्था नोंदणीकृत असून बालवाडीसाठी सरकारी अनुदान घेते. अनुदानाची रक्कम शाळेच्या सभागृहाच्या दुरुस्तीसाठी तात्पुरती वापरावी आणि मार्चमध्ये परत भरावी, असे व्यवस्थापन समितीत ठरत आहे. मी सचिव आहे. विरोध केला तर ‘पैसा संस्थेचाच आहे’ असे ऐकावे लागते. — सचिव, एक शिक्षण संस्था

उत्तर : पैसा संस्थेचा नाही. अनुदान ज्या कारणासाठी मंजूर झाले त्या कारणापुरतीच संस्था त्याची राखणदार असते. ज्या रकमेचा उपयोग बालवाडीसाठी झाला असे उपयोगिता प्रमाणपत्र आपण देणार आहात, ती जानेवारीत सभागृहाच्या पत्र्यांवर होती, हे बँकेच्या खातेउताऱ्यात दिसेलच. मार्चमध्ये परत भरली तरी ती मधल्या काळात वळवली गेली, ही वस्तुस्थिती पुसली जात नाही.

केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार अनावर्ती (दरवर्षी न मिळणाऱ्या) अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत द्यावे लागते, आणि अनुदानावर मिळालेले व्याज सरकारजमा करायचे असते, ते संस्थेची मिळकत नव्हे. अनुदानासाठी स्वतंत्र बँक खाते, स्वतंत्र रोकडवही आणि अनुदानातून घेतलेल्या खुर्च्या, खेळणी, वजनकाटे यांची स्वतंत्र मालमत्ता नोंदवही ठेवावी. घसरगुंडी जुनी झाली म्हणून मंजुरीशिवाय विकता येत नाही, हे बऱ्याच संस्थांना दप्तर तपासणीच्या दिवशीच कळते.

आपण सचिव आहात, म्हणजे इतिवृत्त आपल्या हातात आहे. विरोध बैठकीत बोलून थांबवू नये. ‘सचिवांनी या ठरावास पुढील कारणांसाठी असहमती नोंदवली’ असे लिहून ते पुढच्या बैठकीत वाचून कायम करून घ्यावे. समिती तरीही पुढे गेली, तर त्या धनादेशावर आपली सही नसावी. दोघांच्या सहीने चालणारे खाते याच प्रसंगासाठी असते. दुरुस्ती खरोखर निकडीची असेल, तर मंजुरी देणाऱ्या कार्यालयाला आधी लिहावे. ‘नाही’ असे उत्तर आले तरी विचारले होते, याची नोंद राहते.

प्रश्न : बालवाडीतल्या मदतनिसाने मला सांगितले, की मुलांची ने-आण करणारा एक कर्मचारी चार वर्षांच्या मुलीशी विचित्र वागतो. तिने डोळ्यांनी काही पाहिलेले नाही. मुलगी त्याच्याजवळ जायला घाबरते, एवढेच. व्यवस्थापन म्हणते, आधी अंतर्गत चौकशी करू, बालवाडीचे नाव जाईल. मी मुख्याध्यापिका आहे. — गोवा

उत्तर : हे पत्र आमच्याकडे पोहोचेपर्यंत आपण पोलिसांना कळवलेले असेल, अशी आशा आहे. नसेल तर पुढचे वाचण्याआधी कळवा. १०९८ या बाल मदत क्रमांकावरही सांगता येईल, पण त्यामुळे पोलिसांना कळवण्याचे कर्तव्य संपत नाही.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार अपराध घडल्याची माहिती असो की घडण्याची शक्यता असल्याची भीती असो, विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणे हे आपले काम नाही. ‘डोळ्यांनी पाहिले नाही’ हे कारण चालत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि आरोप असलेली व्यक्ती आपल्या हाताखालची असून संस्थेच्या प्रमुखाने कळवले नाही, तर शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि दंड अशी आहे. याउलट सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, असे तोच कायदा सांगतो. गोव्यात याशिवाय २००३ चा गोवा बालक कायदा आहे, आणि त्याखालील बाल न्यायालयही आहे. बालवाडीच्या प्रशिक्षणात या दोन कायद्यांचा वर्ग एकत्र घ्यायला हवा, तो क्वचित घेतला जातो.

मुलीला प्रश्न विचारत बसू नये. तिच्याकडून पुनःपुन्हा वदवून घेणे, हेच अंतर्गत चौकशीचे सर्वांत वाईट अंग आहे. पालकांना कळवावे, त्या कर्मचाऱ्याला त्या दिवसापासून मुलांच्या कामावरून दूर ठेवावे, मदतनिसाने सांगितलेले तिच्या शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवावे, आणि मुलीचे नाव कोणत्याही गटात, कोणत्याही बैठकीत उच्चारू नये. बालवाडीच्या नावाचा विचार व्यवस्थापन नंतर करू शकेल.

प्रश्न : एका गृहस्थांनी माहिती अधिकारात आमच्या अंगणवाडीतील मुलांची नावे, वजने आणि आहाराच्या देयकांच्या प्रती मागितल्या आहेत. अर्ज माझ्या हातात दिला. द्यायचे की नाही? — सेविका, सत्तरी तालुका, गोवा

उत्तर : आपण स्वतः द्यायचे नाही आणि नाकारायचेही नाही. अर्ज आपल्या कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्यांकडे लगेच, पोच घेऊन, पाठवावा. ते माहिती मागतील तेव्हा मात्र वेळेत द्यावी, कारण ज्याची मदत मागितली तो अधिकारीही त्या कामापुरता माहिती अधिकारीच समजला जातो. मुदत ३० दिवसांची आहे. विलंबाचा दंड दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये आहे.

देयके, आहाराचा तक्ता, मुलांची एकूण संख्या, गटाचे नाव, दर, ही माहिती दडवण्याजोगी नाही. त्यातला बराचसा भाग कार्यालयाने कलम ४ खाली न मागता प्रसिद्ध करायचा असतो. मुलांची नावे, वजन, कुपोषणाची श्रेणी, आधार क्रमांक आणि आई-वडिलांचे भ्रमणध्वनी मात्र वैयक्तिक माहिती आहे. कलम १० खाली तेवढा भाग झाकून उरलेले देता येते. झाकणे म्हणजे पेनाने खोडणे नव्हे. काळ्या शाईखालची अक्षरे उजेडात वाचता येतात. छायाप्रतीवर पट्टी ठेवून पुन्हा छायाप्रत काढावी.

पत्राच्या शेवटी आपण सहज लिहिले आहे, की वजनाच्या दिवसाची छायाचित्रे आपण पालकांच्या व्हॉट्सअॅप गटात टाकता. काट्यावर बसलेल्या मुलाचे नाव आणि वजन, दोन्ही त्यात वाचता येतात का, ते एकदा पाहावे. येत असतील तर ती काढून टाकावीत, आणि पुढच्या महिन्यापासून काट्याचा आकडा छायाचित्रात येणार नाही अशा बाजूला उभे राहावे.

प्रश्न : मानधनावर काम करणारी मदतनीस लैंगिक छळाची तक्रार करू शकते का? अंगणवाडी भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) घरातल्या भाड्याच्या खोलीत भरते, आणि तक्रार त्याच्याविषयीच आहे. — गोवा

उत्तर : करू शकते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा पगार, मानधन किंवा विनामूल्य असा भेद करत नाही, आणि कामाची जागा म्हणजे केवळ कार्यालयाची इमारत नव्हे. नोकरीच्या निमित्ताने जिथे जावे लागते ते ठिकाणही त्यात येते. खात्यात दहा किंवा अधिक कर्मचारी असल्याने तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याशिवाय जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाण्याचा मार्ग आहे की नाही, हे भाटकार खात्याचा कर्मचारी नसल्याने त्या समितीच्या अधिकाऱ्यांना आधी विचारावे. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. लिहिता येत नसेल तर समितीच्या सदस्यांनी लिहून घेण्यास मदत करायची आहे. प्रकार फौजदारी स्वरूपाचा असेल तर पोलिसांकडे जाण्यासाठी समितीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. खोलीचा भाडेकरार आणि भाड्याच्या पावत्या तक्रारीला जोडाव्यात, म्हणजे ती जागा अंगणवाडीची आहे हे वेगळे सिद्ध करावे लागणार नाही. तोवर मदतनिसाला त्या खोलीची किल्ली आणायला किंवा भाडे द्यायला एकटीला पाठवू नये. ते काम मुख्यसेविकेने स्वतःकडे घ्यावे.